'बावळट'च्या जागी काय म्हणायचं?

कढीपत्ता
परवाची गोष्ट. लेक (वय ९, चौथी) बाहेर भागाकार करत बसली होती आणि मी आत पोळ्या लाटत होते. खोडरबर खसाखसा घासल्याचा आवाज आला, मग कागद टरकन फाटल्याचा, आणि मग हळूच, स्वतःशीच: "बावळटच आहे मी. मेलं एक काम धड होत नाही."

चौथीतली मुलगी 'मेलं' म्हणत नाही हो. 'मेलं' मी म्हणते. तो सूर, वाक्य संपल्यावर जिभेने 'च्' करणं, सगळं माझं. तव्यावरची पोळी करपली ती करपलीच.

मग मी दोन दिवस मोजलं. स्वतःला वाकडं बोलले की फोनमध्ये एक रेघ. मंगळवारी १४, बुधवारी ११ (बुधवारी अर्धी रजा होती). दूध उतू गेलं: बावळट. डब्यात चमचा टाकायला विसरले: डोकं ठिकाणावर नाही. ८:१२ची लोकल डोळ्यांदेखत सुटली: नेहमीचंच रडगाणं. ऑफिसात जीएसटीच्या शीटमध्ये एक आकडा चुकीच्या रकान्यात पडला, तो मीच पकडला आणि मीच दुरुस्त केला, तरी: तुला काही येत नाही. आरशासमोरचं इथे लिहीत नाही.

मैत्रिणीने एक ॲप दिलं. रोज सकाळी साडेसहाला त्यातून इंग्रजीत एक गोड वाक्य येतं. मी ती मराठी करून आरशासमोर म्हणून पाहिली. "मी स्वतःवर बिनशर्त प्रेम करते. मी जशी आहे तशी परिपूर्ण आहे." डब केलेल्या शाम्पूच्या जाहिरातीसारखं वाटलं. नवरा तोंडातला ब्रश काढून म्हणाला, "कुणाचा फोन आहे एवढ्या सकाळी?"

तर प्रश्न असा: रोज स्वतःला काही बरं बोलता का? मराठीत? नेमके शब्द कोणते, आणि कधी? थोतांड वाटत असेल तरी लिहा, पण कारणासकट.

उगाच_एक
पहिला! आणि थोतांड. (कारण जेवून उठल्यावर.)

मोरपीस
ताई, ते 'मेलं' वाचून पोटात कालवलं. माझ्या मुलीच्या तोंडी 'माझं नशीबच फुटकं' आहे. कुठून आलं ते सांगायला नको.

आमच्या आजीकडे याचं एक जुनं मॉडेल होतं. "वाईट बोलू नका गं, वास्तू तथास्तु म्हणत असते." तिन्हीसांजेला 'नाही', 'संपलं', 'होणार नाही' म्हणायची बंदी. तांदूळ संपले म्हणायचं नाही, 'तांदूळ वाढले' म्हणायचं. म्हणजे आमच्या घरात हे सगळं होतंच, वर्गणी न भरता.

पण खरं सांगू? त्याने धाकही बसला. मनात काही वाईट आलं की वास्तूने ऐकलं तर नाही ना, म्हणून मी रात्री पांघरुणात 'नाही नाही नाही' पुटपुटायचे. आजीला माया करायची होती. माझ्यापर्यंत पोचली ती जरब.

उगाच_एक
जेवलो. आता कारण.

मी औषधविक्रेता, ३१ वर्षं दुकान चालवलं, म्हणून हा माणूस मला ठाऊक. एमिल कुए, जन्म १८५७, फ्रान्समधल्या त्र्वा गावचा केमिस्ट. तुमच्या ॲपचे पणजोबा. गिऱ्हाइकाला बाटली देताना तो औषधाबद्दल दोन चांगले शब्द बोलायचा, आणि तसं केलं की गुण जास्त येतो असं त्याच्या लक्षात आलं. यात नवल नाही. माझ्याकडेही लोक म्हणायचे, "काका, तुमच्या हातचीच गोळी लागू पडते." गोळी तीच, कंपनी तीच, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दोन रुपये स्वस्त!

पुढे त्याने नान्सीला जाऊन दवाखाना काढला आणि एकच वाक्य सगळ्यांना दिलं: दिवसेंदिवस, सर्व बाबतीत, मी अधिकाधिक बरा होतो आहे. सकाळी डोळे उघडताना आणि रात्री मिटताना २० वेळा. मोजायला २० गाठींची दोरी. आपल्याकडे १०८ मणी, त्याने सवलत दिली. १९२०च्या आसपास इंग्लंड-अमेरिकेत लोक वेडे झाले होते त्याच्यापायी. १९२६ साली गेला.

आता थोतांड का म्हणतो. शब्दांनी धीर येतो, हे मी काउंटरच्या आतून पाहिलंय. पण धीराला औषध समजून इन्सुलिन बंद करणारे दोघेही मी त्याच काउंटरच्या आतून पाहिलेत.

कढीपत्ता
काका, हे मान्य. माझ्याकडे इन्सुलिन नाही, नुसतं उतू गेलेलं दूध आहे. 🙂

शेंगदाणा
मानसशास्त्रात एमए करतेय (शेवटचं वर्ष, प्रबंध लटकलेला), म्हणून थोडं.

ताई, आरशासमोर तुम्हाला जे कसंनुसं झालं ना, त्यावर चक्क अभ्यास आहे. २००९, कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ, जोआन वुड आणि सहकारी. लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य मनात घोळवायला सांगितलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं त्यांना वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं! कारण उघड आहे. तुम्ही म्हणता 'मी परिपूर्ण', आणि आतून कुणीतरी लगेच फाइल उघडतं: मंगळवार, १४ रेघा.

म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच ते मोठं वाक्य टोचतं.

दुसरी गंमत म्हणजे संशोधनात 'सेल्फ-अफर्मेशन' म्हणतात ते आरशासमोरचं कौतुक नव्हेच. क्लॉड स्टीलने १९८८मध्ये मांडलं ते वेगळं आहे: आपल्याला काय मोलाचं वाटतं (घर, मैत्री, गाणं, देव, काहीही) ते आठवायचं, त्यावर चार ओळी लिहायच्या. २००६मध्ये अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांकडून असं लिहून घेतलं, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांचे गुण सुधारलेले दिसले. पुढे सगळीकडे तसाच परिणाम आला नाही, त्यामुळे लगेच शाळेत फलक लावायला नको. पण दिशा पाहा. 'मी भारी आहे' असं ती मुलं लिहीत नव्हती. 'मला हे महत्त्वाचं वाटतं' असं लिहीत होती.

उगाच_एक
शेंगदाणे, हे तू माझ्याच बाजूने लिहिलंस की.

शेंगदाणा
अर्धं, काका. अर्धं.

बे_एरियातला_बाळू
इथे मुलाच्या वर्गात सकाळी सगळी पोरं कोरसमध्ये 'आय ॲम काइंड, आय ॲम स्मार्ट' म्हणतात. आधी हसलो. मग मीही गाडीत इंग्रजीत म्हणायला लागलो, १०१ नंबरच्या हायवेवर ट्रॅफिक तुंबलेलं असताना. सहज जमतं. एकदा मराठीत म्हणून पाहिलं, "मी हुशार आहे", तर मानेपर्यंत लाज! बाबा मागच्या सीटवर बसलेत असं वाटलं.

नंतर लक्षात आलं की इंग्रजीत सहज जमतं कारण इंग्रजीत मी स्वतःला कधी शिवीच दिलेली नाही. कोडमध्ये बग निघाला की तोंडून येतं "गाढवा". पार्किंगचं तिकीट मिळालं, "गाढवा". शिव्या मराठीत आणि शाबासकी इंग्रजीत, म्हणजे जखम उजव्या गुडघ्याला आणि पट्टी डाव्या.

मोरपीस
बाळू, हे शेवटचं वाक्य मी फ्रिजवर लावणार आहे.

वर्धेकर_बाप्पा
आमच्याकडं असं काई म्हणत नाईत. कापूस भिजला, तर बाप म्हणे, "राहू दे नं बाप्पा, होते कधी कधी." शेजाऱ्यालेही तेच, स्वतःलेही तेच. मी बँकेत आहो. कॅश जुळली नाई की मी पण तेच म्हणतो, अन् मंग पुन्हा मोजतो. बस.

शेंगदाणा
बाप्पा, तुमच्या वडिलांनी एका वाक्यात सेल्फ-कम्पॅशन बसवलं. 'राहू दे' म्हणजे मायेने वागणं, 'होते कधी कधी' म्हणजे हे सगळ्यांचंच होतं. क्रिस्टिन नेफ यांनी २००३मध्ये ही कल्पना मांडली, त्यात हे दोन्ही आहेत. तिसरं म्हणजे जे झालं ते आहे तेवढंच बघणं, फुगवायचं नाही. तुम्ही कॅश पुन्हा मोजता, ते तिसरं.

वर्धेकर_बाप्पा
बापाले सांगतो. खुश होईन.

सावकाश_चला
मला कढीपत्तांच्या लेकीच्या वाक्यातला 'च' खटकला. बावळट*च* आहे मी.

मी काही वर्षांपूर्वी विवेकनिष्ठ मानसोपचाराचे वर्ग केले. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास ही पद्धत सुरू केली, मराठीत कि. मो. फडके यांनी ती घराघरात नेली. त्यात आमच्या सरांनी आम्हाला वहीत लाल पेनने आपले 'च' गोल करायला लावले होते. 'मला जमलंच पाहिजे.' 'लोकांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे.' 'नाही जमलं, म्हणजे मी नालायकच.' पहिल्या पानावर माझे २३ गोल होते.

एलिसचं म्हणणं, स्वतःला चांगलं म्हणणंही एक प्रकारचं मोजमापच आहे. आज 'मी भारी' म्हणालात तर उद्या चूक झाल्यावर 'मी फालतू' म्हणावंच लागणार, फूटपट्टी तीच. त्यापेक्षा कृतीला मार्क द्या, स्वतःला देऊ नका. दूध उतू गेलं. लक्ष नव्हतं. हे दोन्ही खरं. 'म्हणून मी बावळट' हे तिसरं वाक्य आपण पदरचं घालतो.

त्यामुळे मी 'मी छान आहे' वगैरे म्हणत नाही. नुसता 'च' गाळून वाक्य पुन्हा म्हणतो. "मला हे जमायला हवं होतं. नाही जमलं." फार गोड नाही, पण पोट दुखत नाही.

झुआरीकाठ
'च' काढायची आयडिया आवडली. गोव्यात आम्ही 'सुशेगाद' (निवांत) म्हणून बदनाम, पण आमच्या आयांना ते कुणीच सांगितलेलं नाही! आई ८१ वर्षांची आहे, अजून माशाच्या कढीत मीठ कमी पडलं तर दोन दिवस स्वतःला दूषणं देते.

फळा_डस्टर
निवृत्त मराठी शिक्षिका. राहवत नाही म्हणून लिहिते.

स्वतःशी बोलायला आपल्याला ॲप लागावं याचं मला जरा हसू आलं. 'मनाचे श्लोक' २०५ आहेत, आणि त्यात कवी कुणाशी बोलतो? मनाशी. बोलावतो कसा? 'मना सज्जना'. लहान मुलाला काही समजावायचं असलं की आपण आधी 'शहाणं माझं बाळ' म्हणतो, तसं. रागावतोही खूप, पण हाक सज्जनाची.

आणि अभंगाची नाममुद्रा बघा. 'तुका म्हणे', 'जनी म्हणे', 'नामा म्हणे'. आपलंच नाव घेऊन, जरा बाजूला उभं राहून बोलायचं. वर्गात मुलं विचारायची, "बाई, ते 'मी म्हणतो' असं का नाही म्हणत?" मी कवीची सही म्हणून सांगायचे. आज वाटतं, आणखी काही सांगता आलं असतं.

शेंगदाणा
बाई!!! यावर पण अभ्यास आहे. २०१४, ईथन क्रॉस. ताणाच्या वेळी लोक स्वतःशी 'मी' असं न बोलता स्वतःचं नाव घेऊन बोलले, तर त्यांचा ताण कमी राहिला. थोडं अंतर पडतं म्हणून. 'जनी म्हणे' मी प्रबंधात घालणार. मार्गदर्शक काय म्हणतील ते म्हणोत.

फळा_डस्टर
घाल. आणि प्रबंध लटकलेला आहे म्हणालीस ना वर, तो आधी पूर्ण कर.

निळी_छत्री
एरवी फक्त वाचते. आज लिहितेय. तुम्ही सगळे किती छान बोलताय. मला यातलं काहीच होत नाही. तीन महिने झाले, सकाळी उठवत नाही, जेवण नकोसं, रडूही येत नाही. बहिणीने सांगितलं म्हणून रोज 'मी आनंदी आहे' वहीत २१ वेळा लिहिलं. आता वही बघितली तरी वाटतं, हेही आपल्याला जमलं नाही.

शेंगदाणा
निळी_छत्री, ती वही आजच बाजूला ठेवा. न जमण्यात तुमची चूक काडीची नाही. तीन महिने झोप-भूक-उठणं बिघडलेलं असेल तर तो वाक्यांचा प्रांत नाही, डॉक्टरांचा आहे. मी अजून विद्यार्थी आहे, म्हणून एवढंच ठामपणे सांगते: मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. लगेच जाणं जड वाटत असेल तर टेली-मानस, क्रमांक १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास आहे, मराठीत बोलता येतं.

उगाच_एक
बाळा, मी दुकानात बसून सांगायचो तेच सांगतो. ताप तीन दिवस राहिला तर डॉक्टरकडे जातो, मग हा तीन महिन्यांचा आहे. बहिणीला सोबत घेऊन जा. ती वही लिहायला सांगते म्हणजे तिला काळजी आहे, तिला वहीऐवजी रिक्षा करायला सांग.

निळी_छत्री
'रिक्षा करायला सांग' 🙂 सांगते.

कढीपत्ता
छत्री, फोन केलास की इथे नुसता एक ठिपका टाक. काही लिहायला नको.

बाकीच्यांनो, डोकं भणभणतंय पण छान. मला एक गोष्ट सुचली, बरोबर आहे का बघा. आपल्या घरांत मोठ्या माणसाचं कौतुक कसं होतं? 'अप्रतिम' कुणीच म्हणत नाही. माझे सासरे आयुष्यात एकदाच माझ्या पुरणपोळीबद्दल बोलले: "बरी झालीय." सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "ऐकलंस? बरी म्हणाले!" 'वाईट नाही' म्हणजे उत्तम, 'बरं' म्हणजे पदक. वर दृष्ट लागण्याची भीती आहेच.

मग मी स्वतःला 'बरं'च का म्हणू नये? 'मी परिपूर्ण' म्हटलं की आतली बाई फाइल उघडते. "बरं चाललंय गं तुझं" म्हटलं तर ती काय बोलणार? चाललंय तर बरंच. कर्ज फिटतंय, पोरीचे दात पडून नवे येतायत, शीटमधला आकडा मीच पकडला होता.

सावकाश_चला
बरोबर. खोटं नाही आणि 'च' नाही.

झुआरीकाठ
'गं' महत्त्वाचा. 'गं'शिवाय ते वार्षिक अहवालासारखं वाटतं.

बे_एरियातला_बाळू
"बरं चाललंय रे तुझं, बाळ्या." गाडीत म्हटलं आत्ता. बाबा मागच्या सीटवर होते, पण काही बोलले नाहीत.

शेंगदाणा
वेळ ठरवा मात्र. 'रोज म्हणेन' हे टिकत नाही. 'अमुक झालं की तमुक' असं एखाद्या गोष्टीला बांधलं तर टिकायची शक्यता वाढते, गोल्विट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं काम आहे त्यावर. कशाला बांधणार?

कढीपत्ता
कुकरला. पहिली शिट्टी झाली की म्हणायचं. दुसऱ्या शिट्टीपर्यंत त्या दिवशीची एक खरी गोष्ट आठवायची, कितीही बारकी. तिसरीला गॅस बंद, विषय बंद. आरसा नको, आरशाशी माझं अजून जमत नाही.

आणि 'बावळट' तोंडात आलंच तर वर्धेकर_बाप्पांचं वाक्य वापरणार. परवानगी आहे ना?

वर्धेकर_बाप्पा
फुकट आहे ताई. घ्या.

निळी_छत्री
.

मोरपीस
❤️

फळा_डस्टर
शाब्बास.

कढीपत्ता
(धागा वर काढतेय. पाच आठवडे झाले.)

हिशोब देते. कुकर रोज लागत नाही हे आधी लक्षात यायला हवं होतं. रविवारी मिसळ, बुधवारी बाहेरून डबा, दोन दिवस सिलिंडर संपला. ३५ दिवसांत २२ वेळा म्हटलं असेल. पहिले आठ-दहा दिवस अगदी कोरडं, पाढे म्हटल्यासारखं. मग एकदा शिट्टीनंतर आठवलं की सकाळी लोकलमध्ये एका म्हातारीला मी उठून जागा दिली होती, आणि ते मी विसरूनच गेले होते. ते आठवून उगाच बरं वाटलं. एवढंच. ढग वगैरे फाटले नाहीत.

रेघा परत मोजल्या. मंगळवार: ९. शून्य नाही. तुम्हाला १४ आणि ९मध्ये फार फरक वाटणार नाही, मला वाटतो. आरशासमोरचा आकडा आहे तेवढाच आहे, ते पुढच्या धाग्यात.

काल संध्याकाळी दूध पुन्हा उतू गेलं. मी ओट्यावर फडकं टाकलं आणि मोठ्याने म्हणाले, "राहू दे नं बाप्पा, होते कधी कधी." (डोंबिवलीत वऱ्हाडी!) मग वळले तर लेक दारात उभी, तिचा युनिफॉर्म अजून जमिनीवर, आणि बाटली दप्तरात उघडी राहून वह्या भिजलेल्या. मी तार सप्तकात सुरू झाले. शांतपणे ऐकून घेतलं तिने सगळं. मग म्हणाली, "आई, तुझं दूध बाप्पाचं, आणि माझी बाटली?"

वर्धेकर_बाप्पा
😂 पोरीले माझ्याकडून एक चॉकलेट.

उगाच_एक
त्या वह्या पंख्याखाली वाळवा, इस्त्री फिरवू नका. शाई पसरते.